ओल्या रुमालातलं माप

बाराला धरमपेठेतून निघालेलं माप
हंसापुरीत माझ्या टेबलावर पोचेतो
थोडं आकसलेलंच असायचं.
मे महिना. डांबर चपलेला धरून ठेवायचं.
रोशनच्या डिक्कीत डबी, डबीत ओला रुमाल,
रुमालात कुणाचा तरी गुलाबी जबडा,
आणि लोहापुलाखाली ट्रक अडकलेला.
रुमाल फार ओला, तर माप फुगतं.
सुकला, तर आकसतं.
मधलं जे काही असतं
ते रोशनच्या हाताला कळायचं. रोशनला नाही.

मी प्लास्टर ओतायचो.
थरथरत्या पाटीवर बुडबुडे वर येऊन फुटायचे.
एखादा आत राहिला की दाढेवर मोती उगवायचा.
तो मी चाकूनं उडवायचो,
त्याच्यासोबत दाढेचंही जरासं खरं उडायचं.
लांजेवार मास्तर म्हणायचे,
माप आकसते, प्लास्टर फुगते,
दोन चुका एकमेकींले भेटल्या
का दात बसते, बाप्पा.
तीस वर्षं माझं घर
या भेटीगाठींवर चाललं.

आता खापेकर मॅडम तोंडात कांडी फिरवतात.
दुपारी फाइल येते.
घाम नाही, वास नाही, उलटीची भीती नाही.
पहिली कॅप बसवली तेव्हा मी कडेवरून नख फिरवलं,
पुन्हा फिरवलं,
नखाला सांधा सापडेना.
त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग मी कॅलिपर घेऊन बसलो, खोड काढायलाच.
पूर्ण जबड्याची फाइल मागितली.
यंत्र एक फोटो दुसऱ्याला शिवत जातं.
उजव्या अक्कलदाढेपासून निघालं,
प्रत्येक टाका जवळपास बरोबर,
आणि डावीकडे पोचेतो केसाभराचा फरक.
जसं इतवारीत पत्ता विचारत जावं,
जो तो बरोबरच सांगतो,
आणि आपण भलत्याच दाराची कडी वाजवतो.

मी लगेच फोन लावला. आवाजात आनंद होता, लपवला नाही.
मॅडम म्हणाल्या, हो, लांब पल्ल्याला चुकतं ते.
तुमचं किती चुकायचं, दादा?
मी म्हणालो, मोजलं नव्हतं कधी.

उके आले तेव्हा मॅडमनी मला बोलावून घेतलं.
मोर भवनला कंडक्टर होते.
खर्र्यानं गाल आतून दोरखंड झालेले,
दोन बोटं जातील एवढंही तोंड उघडेना.
माझा सगळ्यात लहान ट्रे
ओठांशीच अडला.
मी तो हातात धरून बाजूला उभा राहिलो,
लग्नात चुकून आलेल्या माणसासारखा.

कांडीला पोरांचं बारकं टोक लावलं.
तिरकं करून, गालाला न दुखवता, आत.
थुंकी चमकली की पडद्यावर भोक पडायचं.
पुसा. परत. थांबा, काका, गिळू नका.
असं करत करत
पडद्यावर आधी एक कड आली,
मग दाढेचा खड्डा, मग फुटलेला कोपरा,
वीस मायक्रॉन का तीस,
मी विचारायचं विसरलो.
उके मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी बघत होते.
कांडी बाहेर आल्यावर म्हणाले,
हे माह्या आतलं हाय?
आठ वर्सांत म्या नाई पाह्यलं.

कॅप बसली. पहिल्या झटक्यात नाही,
दोनदा घासावी लागली.
तेवढं मी घासलं.

रोशन आता जेवणाच्या पिशव्या पोचवतो.
परवा दारात गाडी लावून पाणी प्यायला,
कूलरसमोर शर्टाची बटणं सोडून उभा राहिला.
मी विचारलं, उशीर झाला तर?
म्हणाला, जेवण थंड होते, दादा, छोटं नाई होत.

त्याचा रुमाल अजून खिळ्यावर आहे.
कोरडा, पापडासारखा कडक.
मागं एकदा मी तो कॅलिपरनं मोजायला घेतला,
आणि दोन्ही टोकं धरेपर्यंत
घडीवरच फाटला.